तिसऱ्या रिळातला रस्ता

आमच्या वाचनालयाच्या जिन्याशी एक फळा आहे. हरवलेली छत्री, गणिताची शिकवणी, मांजराची पिल्लं द्यायची आहेत, असलं काहीबाही त्यावर चिकटवलेलं असतं. मला अक्षरं उशिरा आली, बासष्टाव्या वर्षी, त्यामुळे दिसेल ते वाचत सुटायची खोड अजून गेलेली नाही. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या पाठीवरचं, सगळं. त्या दिवशीही एकेक कागद वाचत पुढे सरकत होते आणि एका पिवळ्या कागदापाशी थांबले.

‘चित्रपट : कला आणि संस्कृती. प्राथमिक ओळख. दहा शनिवार, दुपारी तीन ते पाच. वयाची अट नाही.’

खाली दहा चित्रपटांची नावं होती. नववं नाव मी बोट ठेवून वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

त्या चित्रपटाच्या तिसऱ्या रिळात माझी ताई रस्ता ओलांडते. पाठीवर कपड्यांचं गाठोडं आहे. पलीकडच्या पायरीपाशी पोचता पोचता ती थबकते आणि वळून मागे बघते. सगळं मिळून सात सेकंदांचं काम. ताईला जाऊन पन्नास वर्षं झाली. आमच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायचा तो कुणाच्या तरी लग्नात काढू, असं म्हणता म्हणता राहून गेला. ती चालताना दिसेल अशी जगात ही एकच जागा होती.

घरी सांगितलं तेव्हा सून पोळ्या लाटता लाटता थांबली.

“आई, गुडघे दुखतात म्हणून तुम्ही खाली कोपऱ्यावर जात नाही, आणि आता दोन जिने चढून सिनेमे बघायला जाणार?”

“बघायला नाही. शिकायला.”

“आजी, दप्तर माझं ने,” नात आतून ओरडली. “आणि मागच्या बाकावर बसू नकोस, तिथे झोप लागते.”

मी पुढच्याच बाकावर बसले.

वर्गात आम्ही अकराजण होतो. शिकवणारे सर माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. कानावर पेन अडकवायचे आणि मग तासभर तेच पेन शोधायचे. माझ्या शेजारी एक निवृत्त टपालवाले बसायचे. त्यांना प्रत्येक गोष्टीत शंका असायची आणि ती मनात ठेवणं त्यांना जमत नसे.

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला विचारलं, इथं का आलात. कुणी म्हणालं सिनेमाचं वेड आहे, कुणी म्हणालं शनिवार रिकामा असतो. मी म्हणाले, “पाहायचं राहून गेलंय, म्हणून.”

“काय पाहायचं?”

“सिनेमा.”

सगळे हसले. मला ते बरंच झालं. खरं सांगायचं तर माझ्या हाताखालून जेवढे सिनेमे गेलेत तेवढे त्या खोलीतल्या सगळ्यांनी मिळून पाहिले नसतील. पण ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागलं असतं.

मी सतराव्या वर्षापासून चित्रपटांच्या गोदामात कामाला होते. थिएटरांतून फिरून आलेली रिळं आमच्याकडे यायची. टेबलावर दोन चकत्या, मधोमध खालून दिवा लावलेली काच. एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर फिल्म गुंडाळत न्यायची आणि तिच्या दोन्ही कडा बोटांत हलकेच धरून ठेवायच्या. कुठे कडेचं भोक फाटलंय, कुठे जुना जोड सुटायला आलाय, हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. कळलं की थांबायचं. खराब फ्रेमा कापायच्या, कड पात्यानं खरवडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा एक हात फिरवायचा, दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून धरायची. दहा आकडे मोजायचे. मग पुढे.

आम्ही सहाजणी होतो. डब्यावरची नावं वाचता येणारी एकही नाही. डब्याचा पोचा आणि सुतळीचा रंग यांवरून आम्ही डबे ओळखायचो, आणि सिनेमांना आमची आमची नावं पाडलेली होती. ‘दोन घोडे’, ‘टकल्या वकील’, ‘रडका’, ‘धाकटा रडका’. ताई ज्यात होती तो ‘खिडकीवाला’. त्यात एक बाई नवऱ्याची वाट बघत दीड तास खिडकीशी बसते.

त्या सिनेमाचं चित्रीकरण आमच्याच रस्त्यावर झालं होतं, आणि त्याचं खरं नाव मी तिथंच ऐकून पाठ केलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, ताई बावीसची. ताई लाँड्रीत होती. इस्त्री केलेल्या चादरींची गाठोडी इस्पितळात पोचवायची. सिनेमावाल्यांनी रस्ता ओलांडायला एक नटी आणली होती. तिच्या पाठीवर कापसाचं गाठोडं दिलेलं. तिनं चारपाच वेळा रस्ता ओलांडला आणि दर वेळी दिग्दर्शक कपाळाला हात लावायचा. तेवढ्यात आमची ताई कामावरून निघाली, खरं गाठोडं घेऊन, आणि थेट मधून चालू लागली. लोक ओरडले. दिग्दर्शक म्हणाला, थांबा, हिलाच चालू द्या.

तिला दोन गोष्टी बजावल्या. नेहमीसारखं चालायचं, आणि इकडे बघायचं नाही.

मी दोरीच्या अलीकडे, कॅमेऱ्याला अगदी लागून उभी होते. ताई चालायला लागली. तिचा डावा खांदा ओझ्यानं जरा खाली असायचा आणि उजव्या चपलेचा पट्टा ढिला, म्हणून ती तो पाय किंचित ओढायची. हे मी रोज बघत होते. पण सगळा रस्ता गप्प उभा आहे आणि माझी बहीण एकटी त्यातून चालते आहे, हे बघून मला काय झालं कोण जाणे. ती पलीकडे पोचायच्या आत मी हाक मारली, “ताई!”

ती वळली. इकडे बघायचं नाही हे विसरून तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. हसणार होती, पण अर्ध्यात आवरलं.

दिग्दर्शकानं विचारलं, कोण ओरडलं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं आता काही खरं नाही. पण तो म्हणाला, “राहू दे. आवाज नंतर भरायचाय.”

घरी येईपर्यंत ताई मला बोलत होती. “शेंबडे, माझी नटी होता होता राहिली तुझ्यामुळे!” आणि हसत होती.

पुढच्या वर्षी तिला दुसऱ्या शहरात काम लागलं. यंत्रांची मोठी लाँड्री. जाताना म्हणाली, पत्र काय पाठवू, तुला वाचता येत नाही आणि मला लिहिता. कुणी येणारं-जाणारं असलं की निरोप पाठवीन. तसे तीन निरोप आले. चौथा निरोप तिच्या मालकाकडून आला, की ताप डोक्यात गेला. आमच्यापर्यंत तो पोचला तेव्हा तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. जे करायचं ते तिथल्या लोकांनी उरकून टाकलं होतं.

त्यानंतर दीड महिन्यानं ‘खिडकीवाला’ माझ्या टेबलावर आला.

इथं आमच्या गोदामाची एक रीत सांगायला हवी. दुरुस्तीत कापलेल्या फ्रेमा टोपलीत टाकायच्या असतात. पण आमच्या प्रत्येकीकडे एक डबी होती. कुणी फुलं जमवायची, कुणी दागिने, एकजण फक्त एका नटाचे डोळे. त्यासाठी चांगल्या फ्रेमेलाही कधी कधी पातं लागायचं. मुकादमाला हे ठाऊक होतं. तो म्हणायचा, “दोन फ्रेमांनी काय बिघडतंय? बघणाऱ्याची पापणी लवते त्याला जास्त वेळ लागतो. आणि दुसऱ्या गोदामांत प्रती आहेतच की.”

दुसऱ्या गोदामांत प्रती आहेतच, हे आम्ही सगळ्याजणी धरून चाललो होतो.

त्या दिवशी मी ताईच्या तीन फ्रेमा घेतल्या. अंगठ्याच्या पेराएवढ्या. उजेडासमोर धरलं की ताई. आईला दाखवल्या तर तिनं त्या दिवसभर हातातून सोडल्या नाहीत. दोन महिन्यांनी डबा पुन्हा आला, मी चार घेतल्या. मग दोन. मग पाच. अशी चार वर्षं गेली. आणि एक दिवस काचेवर फिल्म सरकवताना माझ्या लक्षात आलं, की मी इथून तिथून घेतलेल्या तुकड्यांमुळे ताई आता नीट चालत नाही. दर दोन पावलांना हिसका बसतो. धड असलेल्या माझ्या बहिणीला मीच लंगडी करून ठेवली होती, आणि पुढे कुठल्याशा थिएटरात लोक तिला हसले असतील. मला ते सहन झालं नाही. उरलेला सगळा तुकडा मी कापून काढला. खिडकी उघडते ते आणि खिडकी बंद होते ते, अशी दोन टोकं जोडली. दहा आकडे मोजले.

पुढे लग्न झालं, गोदाम बंद पडलं, मुलं झाली. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, पातळ कागदाच्या घड्यांमध्ये, ताई माझ्याबरोबर पाच घरं फिरली. आई गेली तेव्हा तिच्या मुठीत मी सहा फ्रेमांची एक पट्टी ठेवली. ताईचा चेहरा पुरता समोर येतो ती. सगळ्यांत चांगली तीच होती.

तर आता, नवव्या शनिवारी, कुठल्यातरी दुसऱ्या गोदामातून वाचलेली, माझा हात न लागलेली प्रत मला दिसणार होती. तेवढ्यासाठी मी आठ शनिवार दोन जिने चढले.

ते आठ शनिवार फुकट गेले असं मात्र मी म्हणणार नाही. जे मी बोटांनी जाणत होते त्याला नावं असतात, हे तिथं कळलं. सर एकेक दृश्य थांबवून दाखवायचे. उजेड कुठून येतो, कॅमेरा किती उंचीवर आहे, मागून जाणाऱ्या माणसांच्या अंगावर काय कपडे आहेत. म्हणायचे, “नायकाकडे सगळेच बघतात. तुम्ही मागे बघा. त्या काळी लोक कसे चालायचे, ओझं कसं उचलायचे, हे कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही. इथं आहे.” मी वहीत लिहून घेतलं. माझं लिहिणं हळू, तोवर सर दोन वाक्यं पुढे गेलेले असायचे. टपालवाले मग स्वतःची वही माझ्याकडे सरकवायचे. अक्षर मात्र असं, की त्यांची टपालं पोचत कशी होती याचं मला नवल वाटायचं.

एकदा सरांनी सांगितलं, फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. सेकंदाला चोवीस. चित्र हलत नसतं, एक जाऊन दुसरं येतं आणि मधली हालचाल आपल्या मनात होते. “म्हणजे एकच फ्रेम हातात घेतलीत, तर तुमच्या हातात काय येतं? सगळं येतं, चालणं सोडून.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सून म्हणाली, “परीक्षा आहे का काय तुमची?”

आणखी एका शनिवारी सर म्हणाले, पडद्याच्या चौकटीबाहेरही जग असतं. पडद्यावरचं माणूस कुणाकडे तरी बघतं आणि तो कुणीतरी आपल्याला दिसत नाही. “असं झालं की स्वतःला विचारायचं, बाहेर कोण आहे?”

नववा शनिवार आला. मी ठेवणीतली साडी नेसले. नात म्हणाली, “आजी, आज बक्षीस समारंभ आहे?” मी म्हटलं, असंच समज.

दिवे गेले. मी इतकी वर्षं हा सिनेमा काचेवर, बोटभर उंचीचा, आवाजाशिवाय पाहिला होता. आता ती खिडकीवाली बाई भिंतीएवढी होती आणि तिला आवाज होता, घोगरा, सर्दी झाल्यासारखा. पहिलं रीळ संपलं. दुसरं. तिसऱ्यातली भांडी घासायची जागा आली, मग ती हात पुसते, मग उठते. मी बाकाची कड धरली. ती खिडकीशी आली. दोन्ही दारं ढकलून उघडली. रस्त्याचा गलका ऐकू आला.

आणि खिडकी बंद होती.

मध्ये एक बारीक पांढरी रेघ चमकली, डाव्या बाजूला जरा जाड. खरवडताना माझं पातं डावीकडे जास्त दाबलं जायचं. मुकादम त्यावरून मला कायम बोलायचा. भिंतीएवढ्या पडद्यावर माझ्या हातचा जोड दिसत होता.

दिवे लागले. सर आनंदात होते. “पाहिलंत? जगभर अभ्यासतात ही जागा. इतका वेळ ती वाट बघते, अखेर खिडकी उघडते, आणि दिग्दर्शक आपल्याला रस्ता दाखवतच नाही! आवाजही मध्येच तोडतो. तिनं काय पाहिलं? नवरा? की रिकामा रस्ता? न दाखवण्यातून सांगणं, ते हे.”

“मी काय म्हणतो सर,” टपालवाले उठले. “समजा, तिथं रीळच तुटलं असेल तर?”

“तुम्ही आणि तुमच्या शंका!”

“नाही, पाकीट फाटलं की आतला कागद पडतो. पस्तीस वर्षं बघितलंय. मग घेणाऱ्याला वाटतं, पाठवणाऱ्यानंच रिकामं पाठवलं.”

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले की पडताळायला दुसरं काही हातात नाही. मूळ निगेटिव्ह आगीत गेलं. बाकीच्या प्रती कुठल्या कुठल्या गोदामांत कुजल्या. चित्रपट संग्रहालयात आहे ती ही एकच.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. तो आठवडा मी डबा मांडीवर घेऊन खिडकीत बसून काढला. एकेक तुकडा उजेडासमोर धरायची. एकीत ताईचा उजवा पाय उचललेला होता. तेव्हापासून तो पाय हवेतच होता, मी तो खाली टेकू दिला नव्हता. तो टेकवायचा तर पुढचा तुकडा लागत होता, त्याच्या पुढचा लागत होता, आणि हे सगळं मागेपुढे जिथल्या तिथं बसवून दिव्यापुढून जाऊ द्यावं लागत होतं. डबा द्यायचा म्हणजे तो परत मिळणार नाही, हे मला कळत होतं. संग्रहालयात गेलेली वस्तू कुणी घरी आणत नाही. शिवाय चोरी ती चोरी. पण पडद्यावर ताईला एकदा वळताना पाहायचं, एवढीच माझी इच्छा शिल्लक राहिली होती, आणि त्या इच्छेच्या वाटेत दुसरं कुणी नव्हतं. मीच डबा घेऊन बसले होते.

दहाव्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी थांबले. सर पेन शोधत होते.

“कानावर आहे,” मी म्हणाले. “सर, तो रस्ता आहे.”

“कुठला रस्ता, आजी?”

“ती खिडकी उघडते, तेव्हा दिसतो तो. माझ्याकडे आहे.” मी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

ते हसले, म्हातारं माणूस काहीतरी गमतीचं बोलतंय अशा समजुतीनं. मग मी झाकण उघडलं. त्यांनी एक तुकडा कडेनं उचलला आणि ट्यूबच्या उजेडाकडे नेला. मी सगळं सांगितलं, गोदामापासून आईच्या मुठीपर्यंत. ते ऐकता ऐकता माझ्या बाकावर बसले.

“या जागेवर मी पुस्तकात चोवीस पानं लिहिली आहेत,” ते म्हणाले.

“वाईट नसतील लिहिली.”

“चांगली लिहिलीत, आजी. तोच तर घोळ झालाय.” आणि मग ते असे हसायला लागले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच हसत होते का, ते मला सांगता येणार नाही.

“पोलिसांत द्याल का?” मी विचारलं.

“कुणाला? मुकादमाला?” त्यांनी झाकण जपून लावलं. “सोमवारी माझ्याबरोबर संग्रहालयात याल?”

संग्रहालयात एक तंत्रज्ञ बाई होती, तीसेक वर्षांची, पांढरे हातमोजे घातलेली. तिनं तुकडे मोजले. सात सेकंदांच्या एकशे अडुसष्ट फ्रेमा असायला हव्या होत्या. माझ्याकडे एकशे त्रेपन्न निघाल्या. सहा आईबरोबर गेलेल्या. नऊ, ताई यायच्या आधीच्या रिकाम्या रस्त्याच्या, ओलीनं एकमेकींना चिकटून पाक झालेल्या. बाकी आक्रसल्या होत्या, रंग उडाला होता, आंबूस वास येत होता, पण होत्या.

“क्रम कसा लावायचा?” ती सरांना म्हणाली. “कडेवरचे आकडे पुसलेत. सगळ्या एकसारख्याच दिसताहेत.”

“एकसारख्या?” मी म्हणाले. “हातमोजे आहेत का अजून?”

सलग चार दिवस मी त्या टेबलाशी बसले. खालून दिवा लावलेली काच, तशीच. भिंग तेवढं नवीन. गाठोड्याची गाठ कुठे झुकली आहे, सावली पायरीपासून किती लांब आहे, ढिला पट्टा टाचेला लागला की सुटला. डावा पाय पडतो तेव्हा खांदा खाली, उजवा ओढतो तेव्हा जरासा वर. मी तुकडा उचलायची आणि जागेवर ठेवायची. तंत्रज्ञ बाई शेजारी बसून प्रत्येकाचं छायाचित्र घेत होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “एवढं कसं कळतं तुम्हाला?” मी म्हटलं, “मी तिच्या मागून चालत मोठी झाले, बाई.”

शेवटच्या दिवशी तिनं डबा घेतला आणि मला एका कागदावर सही करायला सांगितलं. मी पूर्ण कागद वाचला, तिला घाई होती तरी. मग सही केली. रिकाम्या हातानं घरी आले. सुनेनं विचारलं, “आई, तुमचा डबा कुठाय?” मी सांगितलं. रात्री ती माझ्या गुडघ्यांना तेल लावायला आपणहून बसली.

चार महिन्यांनी सरांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. तोच वर्ग, तोच शनिवार, दुपारी तीन. नात हट्टानं बरोबर आली. टपालवाल्यांना सरांनी आधीच काहीतरी सांगितलं असावं, कारण ते जिंकल्यासारखे बसले होते आणि तरी तोंड उघडत नव्हते.

सर म्हणाले, “आज फक्त तिसरं रीळ. तुम्हाला मागे मी एक चुकीचं शिकवलं, ते दुरुस्त करायचंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्या तुकड्यावरचा आवाज वाचवता आला नाही. तेवढी जागा मुकी आहे.”

दिवे गेले. भांडी. हात पुसणं. उठणं. खिडकी उघडली, गलका आला, आणि गलका थांबला.

रस्ता होता. आमचाच. कोपऱ्यावरचा खांब, लाँड्रीची पायरी, तिच्यावर पडलेलं ऊन. डावीकडून ताई आली.

रंग उडालेला होता, मधूनमधून एखादा ठिपका पळत होता, पण ती चालत होती. पाय उचलत होती आणि टेकत होती. खांदा खाली, खांदा वर. चपलेचा पट्टा ढिला. हिसका नाही, लंगडणं नाही. बावीस वर्षांची, माझ्या थोरल्या नातवापेक्षाही लहान. ती रस्त्याच्या मध्यावर आली, मध्याच्या पुढे गेली, आणि ती कुठल्या पावलावर होती ते मला ठाऊक होतं, त्या पावलावर माझ्या तोंडून गेलं, “ताई!”

ती वळली.

सरळ माझ्याकडे बघितलं. चेहरा पुरता समोर यायच्या जागी चित्र जरासं उडालं, पापणी लवावी तेवढंच. आईकडचा तुकडा तो. आणि पुन्हा ताई, हसू अर्ध्यात आवरलेली. मग खिडकी बंद झाली.

कुणी दिवे लावले नाहीत. नातीनं माझा हात धरला होता. सरांनी अंधारातूनच विचारलं, नेहमीसारखं, वर्गाला विचारतात तसं, पण आवाज जरा वेगळा होता. “ती कुणाकडे बघते आहे?”

“माझ्याकडे,” मी म्हणाले.

टपालवाल्यांनी घसा खाकरला. “सर, पुन्हा एकदा लावा.”

सरांनी पुन्हा लावलं. खांब, पायरी, ऊन. ताई आली, निम्म्याच्या पुढे गेली. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. या वेळी मी हाक मारली नाही.

ती तरीही वळली.